पुण्याचे दोन नांगर : एक छाननी

पुणें प्रांताचा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धाचा इतिहास लिहावयास बसलेल्या कोणाही लेखकास दोन नांगरांचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. पहिला नांगर गाढवाचा. इ. स. १६३० च्या सुमारास विजापूरचा सरदार मुरार जगदेव यानें कसबे पुणें जाळिलें, गाढवें जुंपून पांढरीवर नांगर फिरविला आणि लोखंडी पहार ठोकिली. दुसरा नांगर सोन्याचा. पुढें शहाजीराजांनीं दादाजी कोंडदेव मलठणकर यास सुभा सांगितला; त्यानें पुण्यास ठाणें बसवून त्याच पांढरीवर सोन्याचा नांगर धरिला, शांति करविली आणि मुलुखांत सुकाळ झाला. सहा कलमी शकावली व तिच्या मागून आलेल्या बखरी यांच्या आधारानें ही हकीकत शालेय पुस्तकांत, कादंबऱ्यांत आणि भल्या भल्या इतिहासग्रंथांतहि स्थिर झाली आहे.

हकीकत खोटी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्यावर पुढील लेखकांनीं जें ओझें लादलें, तें मात्र तिला पेलणारें नाहीं. एका कसब्याच्या दोन विधींवरून साऱ्या परगण्याचीं सहा वर्षें ओसाड ठरविलीं गेलीं आहेत. मावळापासून मांजरीपर्यंत एकहि चूल पेटत नव्हती, लांडगे दिवसाढवळ्या हिंडत होते, आणि एक कारभारी येतांच हें सर्व पालटलें, अशा थाटाचीं वर्णनें आमच्या वाचनांत वरचेवर येतात. त्यांतील लांडग्यांचेंच घ्या. पुण्याच्या पूर्वेस सासवडापासून बारामतीपर्यंतच्या माळरानांत लांडगे आजहि आहेत. तेवढ्यावरून तो मुलुख कोणी बेचिराग म्हणत नाहीं.

प्रथम शकाचा प्रश्न. शकावलीनें सोन्याचा नांगर शके १५५७, युवा संवत्सर, या वर्षीं घातला आहे, म्हणजे इ. स. १६३५-३६. पण त्या वर्षीं शहाजीराजे कोठें होते? इ. स. १६३३ मध्यें निजामशाही वंशांतील एक मूल पेमगिरीस गादीवर बसवून त्याच्या नांवानें ते कारभार पाहत होते, आणि मोगलांची फौज त्यांच्या पाठीवर होती. शहाजहान व आदिलशहा यांचा तह इ. स. १६३६ च्या मे महिन्यांतला. माहुलीचा शेवट त्याच वर्षाच्या उत्तरार्धांतला. त्यानंतरच राजे आदिलशाहींत गेले व पुण्याची जहागीर त्यांच्याकडे निर्वेधपणें राहिली. तेव्हां लढाईच्या ऐन धामधुमींत पुण्याची पांढरी शांतपणें वसविली जात होती, असें मानावें, किंवा शकावलीकारानें एक-दोन वर्षें अलीकडे ओढलीं, असें मानावें. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. शकावली हा प्रकारच असा कीं मागून स्मरणानें कलमें मांडावयाचीं आणि प्रत्येकापुढें शक घालावयाचा. जेथें शकासमोर मास, तिथि व वार आहेत तेथें विश्वास अधिक ठेवावा. जेथें नुसतें संवत्सर आहे तेथें हात आंखडता घ्यावा.

आतां शब्दाकडे वळूं. दोन्ही नांगर *पांढरीवर* चालले आहेत. गांवाचे भाग दोन, पांढरी व काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, जेथें घरें, देऊळ, चावडी व वेस; काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरीवर नांगर घालणें म्हणजे वस्तीचें वस्तीपण काढून घेणें, घरांची जागा ही शेत आहे असें जाहीर करणें. आणि त्यास गाढव जुंपणें म्हणजे तें शेतहि अशुभ करून ठेवणें. उलट सोन्याच्या नांगरानें त्याच जागेचा दोष काढून ती पुनः वस्तीयोग्य केली. एवढाच अर्थ त्या कलमांत आहे. काळीविषयीं, म्हणजे शेतीविषयीं, त्यांत अक्षर नाहीं. ज्यांनीं त्यावरून परगण्याची लागवड मोजिली त्यांनीं पांढरीचा कागद काळीस लाविला.

गाढवाचा नांगर ही मुरार जगदेवाची स्वतःची कल्पना नव्हे. कलिंगाचा राजा खारवेल याच्या हाथीगुंफा लेखांत पिथुंड नगर गाढवांच्या नांगरानें नांगरविल्याचें वाचन प्रसिद्ध आहे, आणि तो लेख इसवी सनापूर्वींचा आहे. आमच्याकडे शिलाहार-यादवांच्या काळचे गद्धेगाळ गांवोगांव उभे आहेत. दानाचा भंग करणारास गाढवाच्या साक्षीनें शाप देण्याची ती रीत. म्हणजे ज्या भाषेंत हा दंड सांगितला गेला ती येथल्याच मातीची होती. मुरार जगदेव हा ब्राह्मण. आदिलशाही फौजेनें पुणें जाळिलें हें खरें. पण त्या जाळपोळीस जो विधि जोडला तो विजापूरच्या दरबारांतून आला नसून पुणेंकरांस पिढ्यान्‌पिढ्या कळत असलेल्या खुणांतून आला. त्या काळच्या युद्धाचा समाजाशीं संबंध कसा होता, हें या एका गोष्टींत जितकें दिसतें तितकें दहा लढायांच्या वर्णनांत दिसत नाहीं.

आणि हाच मुरार जगदेव तीन वर्षांनीं काय करितो? शके १५५५ च्या भाद्रपद अमावास्येस, इ. स. १६३३ मध्यें, सूर्यग्रहणाच्या पर्वावर भीमा-इंद्रायणीच्या संगमीं नागरगांवीं तो तुलादान करितो. हत्तीचें वजन नावेंत घालून काढण्याची प्रसिद्ध युक्ति त्याच प्रसंगाची, आणि ती शहाजीराजांनीं सुचविली अशी परंपरा आहे. नागरगांवाचें तुळापूर झालें तें तेव्हांपासून. ज्याचें ठाणें जाळिलें तो आणि ज्यानें जाळिलें तो, दोघे एका घाटावर उभे! आमचे कित्येक लेखक या प्रसंगाशीं आले म्हणजे लेखणी झटकून पुढें जातात, कारण त्यांच्या मांडणींत एक शत्रु असतो व एक मित्र. त्या पिढीच्या सरदारांत असें कायमचें खातें नव्हतें. इ. स. १६२९ च्या जुलैंत निजामशहानें लखुजी जाधवरावास दौलताबादेस मारविलें तेव्हांपासून सात वर्षांत शहाजीराजांनीं निजामशाही सोडिली, मोगलांची पंचहजारी घेतली, तीहि सोडिली, निजामशाही पुनः उभी केली आणि शेवटीं आदिलशाहींत गेले. सरदार फिरत होता. ज्याला फिरतां येत नव्हतें तो वतनदार पाटील व कुणबी.

मुरारानें पुणें मोडिल्यावर ठाणें कोठें नेलें, हेंहि पाहण्यासारखें आहे. यवतेजवळ भुलेश्वराच्या डोंगरावर त्यानें दौलतमंगळ किल्ला उभारिला. ठाणें हें वसुलासाठीं असतें. आसपासच्या गांवांचा वसूल ज्याला नव्या किल्ल्यांत आणावयाचा आहे, तो तींच गांवें मुळासकट उपटील काय? पुण्याच्या बाजारपेठेचा मान त्यानें मोडिला, हें समजतें. पण पुणें व दौलतमंगळ यांच्या मधल्या टापूंतील मांजरी, लोणी, उरुळी अशा नदीकांठच्या गांवांचें पीक त्याला हवेंच होतें. त्याच्या घोड्यांस कडबा लागत होता.

मग मुलुख उजाड झाला तो कशानें? आमच्या मतें फौजेपेक्षां दुष्काळानें अधिक. इ. स. १६३० ते १६३२ चा दुष्काळ गुजराथ व दख्खन या दोहोंवर सारखा आला. पीटर मंडी हा इंग्रज त्याच वर्षीं सुरतेहून बऱ्हाणपुरावरून आग्र्यास गेला; वाटेवर पडलेल्या प्रेतांचें त्यानें केलेलें वर्णन प्रसिद्ध आहे. शहाजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी दरबारच्या बाजूनें तेंच सांगतो. आणि पुण्यापासून हाकेच्या अंतरावर, देहूस, तुकोबांची पहिली बायको याच दुष्काळांत अन्नावांचून गेली; हें त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांतून सर्वांस ठाऊक आहे. शकावलीकारानें मात्र दुष्काळाचें नांव न घेतां शेवटीं सुकाळ झाला एवढेंच म्हटलें. त्यामुळें पाऊस सोन्याच्या नांगरानें पडला, असा वाचकाचा ग्रह होतो.

येथें त्या दोन नांगरांनीं झांकून टाकलेला तिसरा नांगर येतो, तो कुणब्याचा. काळ्या जमिनींतला देशावरचा नांगर एका बैलजोडीनें ओढत नाहीं. चार, सहा, प्रसंगीं आठ बैल लागतात. दुष्काळांत माणसाआधीं गुरें जातात. पाऊस परतला तरी बैल परतत नाहीं. तो विकत घ्यावा लागतो, किंवा शेजाऱ्याशीं सावड करून मिळवावा लागतो. म्हणून मुलुख पुनः नांदण्याचा खरा इतिहास विधींत नाहीं, तो कौलांत आहे: सरकारनें कुणब्यास कोणता कौल दिला, बी-बैलांस तगाई किती दिली, इस्तावा किती सालांचा बांधिला, मलिकंबरी धाऱ्यावर येण्यास किती वर्षें लागलीं, गतकूळ जमिनी कोणास लाविल्या. दादाजी कोंडदेवाचें मोठेपण या कामांत आहे. त्याच्या नांवाचे मजहर व निवाडे यांवरून तो वतनाच्या भांडणांत किती खोल उतरत असे हें दिसतें. सोन्याचा फाळ त्याच्या हातीं देऊन आपण त्याचें हें कष्टाचें काम लपविलें आहे.

मांजरीचेंच नांव घेऊन पाहूं. मुळामुठेच्या दोन कांठांवर मांजरी बुद्रुक व मांजरी खुर्द अशीं दोन गांवें आहेत. बुद्रुक म्हणजे थोरलें, खुर्द म्हणजे धाकटें. दोन्ही शब्द फारशी, म्हणजे हा भेद दफ्तराच्या लेखणीनें टिकविलेला आहे. येथें उतावळा संशोधक म्हणेल कीं नांव टिकलें तेव्हां गांव टिकलें. तसें नाहीं. बेचिराग मौज्याचेंहि नांव ताळेबंदांत वर्षानुवर्षें चालूं राहतें, कारण पाटीलकी व मिरास दिवा विझल्यानें मरत नाहीं. परागंदा झालेला मिरासदार परत येऊन हक्क सांगूं शकतो. नांवावरून वस्ती सिद्ध होत नाहीं आणि शकावलीवरून ओसाडपण सिद्ध होत नाहीं. दोहोंच्या मध्यें पुरावा उभा राहतो तो गांवच्या कागदाचा.

याच काळांतील इंग्लंडचें उदाहरण बोधक आहे. तेथें इ. स. १५३८ पासून प्रत्येक देवळाच्या हद्दींत बारसें, लग्न व पुरणें यांची वही ठेवण्याचा हुकूम होता. इ. स. १६२३ मध्यें उत्तर इंग्लंडांत माणसें भुकेनें मेलीं, ही गोष्ट ॲपलबी या संशोधकानें इ. स. १९७८ च्या आपल्या ग्रंथांत त्या पुरण्याच्या वह्या मोजून दाखविली. आमच्याकडे तशी वही नाहीं. पण तिच्या जवळपास येणारें साधन आहे. मांजरीपासून फार दूर नसलेल्या लोणीकंद गांवाचें वर्णन डॉक्टर कोट्स यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं केलें, आणि घुर्ये यांनीं तेंच गांव पुनः तपासून इ. स. १९६० मध्यें ग्रंथ लिहिला. एक गांव धरून बसलें म्हणजे काय हातीं लागतें, याचा हा नमुना आहे.

संग्राहकांशीं आमचें भांडण येथेंच आहे. शिक्का-मोर्तबाचें पत्र, सोनेरी बेलबुट्टीचें फर्मान, थोर नांवाची सही, यांस घरोघर मान आहे. आणि त्याच पेटींतला जमाबंदीचा, सारा-बाकीचा, बैलांच्या मोजदादीचा मोडी कागद वाळवीस वाढला जातो. मांजरी बुद्रुक इ. स. २०२१ मध्यें पुणें महानगरपालिकेंत गेलें. मळ्यांत इमारती चढत आहेत, जुने वाडे पडत आहेत, आणि वाड्याच्या माळ्यावरचा रुमाल मातीबरोबर गाडींत भरला जातो. पांढरीनें काळी गिळण्याचा हा प्रकार मुरार जगदेवाच्या बरोबर उलटा. पण कागदांचा नाश त्यानें केला नसेल इतका यांत होत आहे.

म्हणून हवेली, पुरंदर व दौंड या टापूंत हिंडणाऱ्या संग्राहकांस आमची सूचना अशी: कागदावर इहिदे सलासीन व अलफ पासून सबा सलासीन व अलफ पर्यंतचा, म्हणजे इ. स. १६३० ते १६३७ मधला, कोणताहि शुहूर सन दिसला तर तो कोणाच्या नांवाचा आहे हें न पाहतां बाजूस काढावा. त्यांत कौल, इस्तावा, तगाई, गतकूळ, परागंदा किंवा बेचिराग यांपैकीं एकहि शब्द आढळल्यास तो कागद कितीहि फाटका असो, त्याची पुरी नक्कल करावी. मागच्या बाजूचा शेरा व किर्दीचे आंकडे गाळूं नयेत. मुलुख कोणत्या सालीं व कोणाच्या बैलांनीं पुनः पेरला गेला, तें बहुधा त्या मागच्या बाजूसच सांपडेल.