अग्निबाण कोणाचा, चूक कोणाची?

अग्निबाणाच्या उड्डाणाची बातमी आपल्याकडे क्रिकेटच्या धावफलकासारखी दिली जाते. वर गेला की यश, पडला की अपयश. मग उपग्रह सोडणारा अमुक देश कितवा, एवढे पाठ करून सामान्यज्ञानाचा तास संपतो. दक्षिण कोरियाची हकिगत अशी सांगितली, तर तिच्यातले विज्ञानच निसटते.

कोरियाचा पहिला उपग्रह ‘किटसॅट-१’ हा ११ ऑगस्ट १९९२ रोजी युरोपच्या एरियान अग्निबाणातून गेला. तो कोरियन विद्यार्थ्यांनी इंग्लंडमधील सरे विद्यापीठात शिकत शिकत बांधला होता. १९९३ मध्ये सोडलेला दुसरा त्यांनी मायदेशी बांधला. तिसरा १९९९ मध्ये आपल्या श्रीहरिकोट्याहून गेला. उपग्रहविद्येला असे गुरू भेटले. अग्निबाणाचे तसे नसते. तेच तंत्र क्षेपणास्त्रालाही लागते, म्हणून ते कोणी सहजासहजी देत नाही.

त्यामुळे ‘नारो-१’ या प्रक्षेपकाचा पहिला टप्पा रशियाकडून तयार घेतला गेला. वरचा घन इंधनाचा लहान टप्पा कोरियाचा. ऑगस्ट २००९ मध्ये उपग्रहावरील संरक्षक आवरणाचा अर्धा भाग सुटलाच नाही. जून २०१० मध्ये १३७ सेकंदांनी संपर्क तुटला. दोष कोणाच्या टप्प्यात, यावर दोन्ही देशांच्या तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. ३० जानेवारी २०१३ रोजी तिसरे उड्डाण साधले. धावफलकावर यश! तळ चालवण्याचा अनुभव कोरियाला मिळाला, हे खरे. पण ज्या इंजिनाच्या जोरावर अग्निबाण उठला ते कोरियाचे नव्हते. आणि ज्या अपघाताच्या कारणावरच एकमत नाही, त्यातून दुरुस्त काय करायचे?

आता ‘नूरी’ पाहा. वजन २०० टन, टप्पे तीन, रचना कोरियाची स्वतःची. २१ ऑक्टोबर २०२१ च्या पहिल्या उड्डाणात त्याने ७०० किलोमीटर उंची गाठली, पण तिसऱ्या टप्प्याचे इंजिन ४६ सेकंद आधीच बंद पडले. वेग अपुरा पडला आणि दीड टनाचा नमुना-भार कक्षेत राहू शकला नाही. धावफलकावर अपयश.

डिसेंबरमध्ये चौकशीचा निष्कर्ष जाहीर झाला. तिसऱ्या टप्प्यातील द्रव ऑक्सिजनच्या टाकीत हेलियमच्या टाक्या बसवलेल्या होत्या. त्यांना वर ढकलणारे प्लावक बल जमिनीवरच्या गुरुत्वाप्रमाणे धरले गेले होते. प्रत्यक्ष उड्डाणात त्वरण ४.३ जी पर्यंत पोचते. एक टाकी आधारातून सुटली, हेलियम गळला, ऑक्सिजनच्या टाकीला तडा गेला आणि इंजिन उपाशी राहिले.

म्हणजे चूक आर्किमिडीजच्या तत्त्वातली! ‘बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके’ हे आपण वर्गात घोकून घेतो, पण त्यातले ‘वजन’ बदलू शकते हे क्वचितच सांगतो. एक लीटर द्रव ऑक्सिजनचे वस्तुमान सुमारे १.१४ किलो. ४.३ जी त्वरणाला तेवढाच द्रव सुमारे ४.९ किलोच्या वजनाइतका जोर लावतो. जमिनीवर गुरुत्व एकपटच असल्याने नुसती टाकी भरून पाहिली तर हा दोष दिसत नाही. तो कागदावरच सापडायला हवा होता. तज्ज्ञांची ही चूक किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

तरीही ती दोन महिन्यांत सापडली, कारण आराखडे त्यांचेच होते. आणि ती लपवली गेली नाही. दुरुस्तीनंतर २१ जून २०२२ आणि २५ मे २०२३ रोजी नूरीने उपग्रह कक्षेत पोचवले.

वर्गात हे दाखवता येईल. पारदर्शक बाटलीच्या झाकणाला आतून दोऱ्याने बूच बांधा, बाटली पाण्याने काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावून ती उलटी धरा. बूच वर तरंगेल. आता बाटली झटकन पुढे सरकवा. बूच मागे जाईल असे बहुतेक मुले सांगतील. ते पुढे झुकते. का, हे मुलांनाच शोधू द्या, आणि मग नूरीची गोष्ट सांगा. कोरिया कितवा, हे सांगायचे राहून गेले तरी बिघडणार नाही.