बीज आणि व्याकरण

'माइनक्राफ्ट' (२०११) या संगणकीय खेळाच्या जावा आवृत्तीत खेळाडूने बीज म्हणून दिलेल्या शब्दातून डोंगरदऱ्यांची सृष्टी साकार होते. ही शब्दाचीच निर्मितिशक्ती होय, असे मानण्याचा मोह होतो. परंतु तो भ्रम आहे. शब्दाचे प्रथम संख्येत रूपांतर होते व त्याचा अर्थ तेथेच लोपतो. रोमन लिपीतील मोठा व लहान 'ए' यांची जोडी आणि दोन मोठ्या 'बी'ची जोडी २११२ हीच संख्या देतात. साहजिकच त्यांची सृष्टीही एकच. उलटपक्षी, २०२१ साली १.१८ या आवृत्तीने भूरचनेचे नियम बदलताच जुन्या बीजांतून निराळे डोंगर उभे राहिले. तात्पर्य, बीज केवळ निवड करते. रूप घडविते ते नियमांचे व्याकरण. सृष्टीचे कर्तृत्वही त्याचेच मानले पाहिजे.