नाव, लौकिक आणि शोधयंत्र

मराठीत ‘नाव’ हा शब्द केवळ संज्ञेचा वाचक नाही. कर्तबगार मुलगी घराण्याचे नाव काढते, नादान मुलगा ते घालवतो. नाव ठेवणे म्हणजे बारसे. नावे ठेवणे म्हणजे निंदा. केवळ अनेकवचनाने अर्थ पालटावा, यात एक सामाजिक सत्य दडलेले आहे. नाव ज्याचे असते त्याच्यापेक्षा ते इतरांच्या तोंडी अधिक असते. संगणकीय शोधयंत्रातील आपला लौकिक कसा सांभाळावा, याविषयी अलीकडे जे उपदेशपर वाङ्मय निर्माण झाले आहे, ते या सत्याची उपेक्षा करते, हा त्यावरील मुख्य आक्षेप होय.

या वाङ्मयाचा उपदेश थोडक्यात असा: आपले नाव वेळोवेळी शोधून पाहावे आणि प्रतिकूल मजकूर आढळल्यास त्याच नावाखाली अनुकूल मजकूर इतका प्रसिद्ध करावा, की प्रतिकूल मजकूर पहिल्या पृष्ठावरून खाली जावा. येथे लौकिक म्हणजे अनुक्रम, असे समीकरण गृहीत धरलेले आहे. परंतु जो खोट्या आरोपाने पोळला आहे आणि ज्याच्यावरील आरोप खरा आहे, त्या दोघांनाही हा उपाय सारखाच उपयोगी पडतो. सत्यासत्याविषयी उदासीन असलेल्या उपायास लौकिकरक्षण म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.

वस्तुतः शोधयंत्रामुळे होणारी हानी दोन प्रकारची आहे. पहिली ओळखीची. मावळ तालुक्यात टाकवे नावाची दोन गावे आहेत: अंदर मावळातील टाकवे बुद्रुक आणि दुसरे टाकवे खुर्द. ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’ या शब्दाचे मराठी रूप असून ‘खुर्द’ म्हणजे लहान. एकाचा दस्तऐवज दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये, याची तरतूद गावाच्या नावातच झालेली आहे. ‘टाकवे’ हा शब्द रोमन लिपीत लिहिताना मात्र ‘क’मधील अनुच्चारित अकार कोणी लिहितो, कोणी गाळतो, ‘व’साठीही दोन अक्षरे प्रचलित आहेत. म्हणजे एकाच गावाची चार रूपे संभवतात.

व्यक्तिनामात ‘बुद्रुक’चे कार्य मधले नाव करते. परंतु नाव आणि आडनाव एवढ्यावरच भागविण्याची प्रथा संगणकीय व्यवहारात रूढ झाल्याने नामसादृश्य वाढते. टाकव्याच्या परिसरातील कारखान्यात नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या तरुणाला दुसऱ्याच कोणाच्या गुन्ह्याची वार्ता आडवी येऊ शकते. विवाहानंतर मधले नाव व आडनाव दोन्ही बदलणाऱ्या स्त्रीचे पूर्वीचे कर्तृत्व, उलटपक्षी, तिच्यापासून तुटते.

दुसरी हानी शेवटाची. आरोपाची वार्ता मोठी होते, निर्दोष सुटल्याची लहान होते किंवा होतच नाही. शोधयंत्रास पहिलीच अधिक सापडते. मराठा काळात जातीबाहेर पडलेल्या व्यक्तीस प्रायश्चित्तानंतर पुन्हा गोतात घेण्याचा विधी होता. त्यास ‘गोतपत’ म्हणत. ती व्यवस्था जातिबद्ध आणि अनेकदा अन्यायकारक होती, हे विसरता येत नाही. तथापि दोषाचे प्रकरण केव्हातरी मिटले, असे चारचौघांसमक्ष ठरविण्याची रीत तीत होती. शोधयंत्रात अशी रीत मुळातच नाही.

ही उणीव न्यायालयांना जाणवलेली दिसते. 1998 साली स्पेनमधील एका वृत्तपत्रात थकबाकीच्या वसुलीसाठी होणाऱ्या लिलावाची सूचना छापली गेली होती. 2014 मध्ये युरोपीय न्यायालयाने त्या प्रकरणी वृत्तपत्रातील मजकूर तसाच राहू दिला. नावाने शोध घेतला असता दिसणारा दुवा मात्र काढावयास लावला. भाषाशास्त्रीय दृष्टीने हा भेद मार्मिक आहे: विधान राहिले, नाम आणि विधान यांचा संबंध तुटला. भारतात 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका व्यक्तीच्या अर्जावर, तो निकाल शोधयंत्रात दिसू नये, असा अंतरिम आदेश दिला. आपल्या खटल्याची नोंद नोकरीच्या आड येते, ही त्या व्यक्तीची तक्रार होती.

येथे एक प्रश्न उरतो. ज्या निकालाने ती व्यक्ती निर्दोष ठरली, तोच निकाल तिला लपवावा लागला. निर्दोषत्वाचा पुरावाच कलंक ठरावा, याचे कारण वाचनाची सवय होय. वाचक नाव आणि गुन्हा हे दोन शब्द शेजारी पाहतो. त्यांना जोडणारे क्रियापद वाचीत नाही. ‘सुटका झाली’ हे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि तेथवर पोचण्याचा धीर त्यास नसतो.

म्हणून लौकिकाचा प्रश्न केवळ नावाच्या धन्याने सोडवावयाचा नाही. त्याने आपले पूर्ण नाव, मधल्या नावासह, सर्वत्र एकाच रूपात लिहावे, चुकीच्या नोंदीची दुरुस्ती मागावी आणि प्रकरण संपले असल्यास तसा उल्लेख मूळ वार्तेतच करवून घ्यावा. येथे त्याचे कर्तव्य संपते. उरलेले कर्तव्य शोधणाऱ्याचे. निवड समितीवर बसणाऱ्या प्राध्यापकाने, सोयरीक पाहणाऱ्या घराने किंवा मालकाने, ही व्यक्ती तीच का आणि त्या प्रकरणाचा शेवट काय झाला, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून कोणासही नावे ठेवू नयेत.