'ताम्रपाषाणयुगीन' : अक्षरविभाग व पदघटना

शिरूर तालुक्यांतील घोडकांठचें इनामगांव डेक्कन कॉलेजाच्या १९६८ ते १९८३ मधील उत्खननामुळें सर्वश्रुत झालें. ढवळीकर, सांकलिया व अन्सारी ह्यांचा इंग्रजी वृत्तान्त १९८८ सालीं निघाला. शिरूरपासून दौंडपर्यंत घोड-भीमेच्या कांठचें टिपण कोणी करूं लागला कीं, ख्रिस्तपूर्व सुमारें १६०० ते ७०० च्या त्या वस्तीचा काळ कोणत्या शब्दानें नोंदावा हा प्रश्न येतोच. मराठींत 'ताम्रयुगीन', 'ताम्राश्मयुगीन' व 'ताम्रपाषाणयुगीन' अशीं तीन रूपें आढळतात.

पहिलें आम्हांस त्याज्य वाटतें. इनामगांवीं तांबें दुर्मिळ. रोजचें कापणें-सोलणें दगडी पात्यांनीं चाले. शब्दांतून दगड गाळला कीं अर्धी वस्तुस्थिति गळाली.

दुसरें व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. 'अश्मन्' चा अंत्य नकार समासांत लोपून 'ताम्र + अश्म' असा सवर्णदीर्घ संधि होतो. परंतु त्यामुळें 'म्रा' ह्या एकाच अक्षरांत तांबें संपतें व दगड सुरू होतो. ओळ भरली म्हणून 'ताम्रा-' असें तोडलें, तर वाचकाच्या हातीं ना धड ताम्र, ना धड अश्म. अखंड ओळींची पोथी वाचणारांस ही अडचण नवी नाहीं; पण तेथें नाइलाज असतो, येथें नाहीं.

तिसऱ्यांत संधि नसल्यामुळें पदांच्या सीमा अक्षरांच्या सीमांवरच येतात. ता-म्र-पा-षा-ण-यु-गी-न अशीं आठ अक्षरें लिहावयाचीं; मराठी उच्चारांत मात्र ताम्-र, पा-षाण्, यु-गीन् असे सहाच अवयव होतात. येथें समासाविषयीं सावधगिरी हवी. 'ताम्राचा पाषाण' असा तत्पुरुष केल्यास अर्थ तांब्याचा धोंडा, म्हणजे खनिज, असा होईल. 'ताम्र आणि पाषाण' हा द्वंद्वच इष्ट. मूळ पाश्चात्त्य 'कॅल्कोलिथिक' शब्दांतहि ग्रीक 'खाल्कोस' म्हणजे तांबें व 'लिथोस' म्हणजे दगड हीं जोडीनेंच आलीं आहेत.

'युगीन' हें रूप कित्येकांस नवें व अशुद्ध वाटतें. पाणिनीच्या प्रतिजनादि गणांत 'इदंयुग', 'संयुग' हे शब्द असून त्यांवरून 'ऐदंयुगीन', 'सांयुगीन' होतात. म्हणजे प्रत्ययास आधार आहे, मात्र आदिस्वरास वृद्धि हवी. त्या कसोटीनें 'नवाश्मयुगीन' चें 'नावाश्मयुगीन' करावें लागेल, आणि तें कोणी करणार नाहीं. आपल्या शब्दाच्या आरंभीं 'आ' आधींच आहे, तेव्हां तो ह्या आक्षेपांतून आपोआप सुटतो.

ओळीअखेर शब्द तोडणें भाग पडल्यास मुद्रकांनीं 'ताम्र-' किंवा 'ताम्रपाषाण-' येथें तोडावा. 'ताम्रपा-' येथें कदापि नव्हे.