‘अडाणीपणा’ नावाचे निदान

बी. ए.च्या वर्गाला मी बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ शिकवतो. १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या या आत्मकथनात कोवळ्या पोरींची बाळंतपणे आहेत, बाळंतिणींची उपासमार आहे, अंगात येणे आहे, देवाला सोडलेली मुले आहेत. बाजारातल्या गाईडात या सगळ्याला एकच उत्तर छापलेले असते: दलित समाजातील अज्ञान आणि अंधश्रद्धा यांचे चित्रण. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात. मीही काही वर्षे त्याला मुकाट्याने गुण देत आलो.

दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, माझ्या आईनं पिशवी काढलीय. ती पण अंधश्रद्धाच का?”

आमचे कॉलेज मराठवाड्यात आहे. पिशवी म्हणजे गर्भाशय, हे तिथे कोणाला सांगावे लागत नाही. २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. सहा जणींत एक, असेच म्हणा ना. या बातम्या आल्या तेव्हा शिकल्यासवरल्या लोकांचा निकाल ठरलेला होता: डॉक्टर लुटारू आणि बाया अडाणी. पहिल्या शब्दाबद्दल माझे भांडण नाही. दुसऱ्याबद्दल आहे, कारण आपली समीक्षाही नेमका तोच शब्द वापरते.

या बायांचा हिशेब काय असतो ते पाहा. नवराबायकोच्या जोडीला ऊसतोडीत एक कोयता म्हणतात. त्या कोयत्याने हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस फडात गेले नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड कोयत्याच्या नावावर मांडला जातो. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला आडोसा नाही. तशात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते, ताप भरतो. सरकारी दवाखाना गाठायचा तर अख्खा दिवस मोडतो, म्हणजे पुन्हा खाडा. खासगी डॉक्टर सांगतो, पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल. एकदाच खर्च, मग पाळीही नाही आणि खाडाही नाही. ती हो म्हणते. याला अंधश्रद्धा कशी म्हणायची? हा हिशेब आहे. तो पुढे चुकीचा ठरतो, पण त्यातले आकडे तिने घातलेले नाहीत.

माझ्या चुलतीचे ऑपरेशन एकोणतिसाव्या वर्षी झाले, तालुक्याच्या गावी, एका खासगी दवाखान्यात. पैसे उचलीतले. म्हणजे काम करता यावे म्हणून ऑपरेशन, आणि ऑपरेशन फेडायला पुढचे दोन हंगाम काम. आज तिची कंबर धरते, रात्री घामाने भिजून उठते. फाइल तिने लुगड्याच्या घडीत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. नोकरी लागल्यावर मी ती उघडली. आत तपासणीचा एकही कागद नव्हता, नुसत्या पावत्या. घरातला पहिला पदवीधर मी. आणि तो कागद वाचायला मला पंधरा वर्षे लागली. अडाणी कोणाला म्हणायचे?

आरोग्यखात्याचे गणितही बघण्यासारखे आहे. १९४६ च्या भोर समितीने दूरच्या पल्ल्याच्या आराखड्यात दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचे रुग्णालय मागितले होते. पुढे सपाटीवरच्या भागात पाच हजारांमागे उपकेंद्र आणि तीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र एवढ्यावर ते येऊन थांबले. पण माणूस वर्षभर एका गावात बसून आहे, असे धरूनच ही मांडणी केलेली आहे. बीडची बाई खानेसुमारीत बीडची, आणि हंगामभर सांगली-कोल्हापुराकडच्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या फडात. जिथे तिची नोंद आहे तिथे ती नाही. जिथे ती आहे तिथे नोंद नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकाची बाजू घेतली. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार सरकारने उचलावा आणि मालकालाही त्यातून सुटका नसावी, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ चा कायदा कारखान्यातल्या स्त्रियांसाठी झाला. ऊस तोडणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. ती मुकादमाची.

आता पुन्हा पुस्तकाकडे. बेबीताई स्वतः अंधश्रद्धेवर कोरडे ओढतात, हे मी नाकारत नाही. पण अंगात येण्याशेजारीच त्या रिकामी चूल आणि बाळंतिणीचे कोरडे पोट ठेवतात. आपला समीक्षक शेजारचे पुसतो आणि अंगात येणे तेवढे राखतो. आपल्यातल्यांनीही विद्रोह मोजला, नकार मोजला, बोलीवर प्रबंध लिहिले. आजारपण मात्र ‘कारुण्य’ या सदरात टाकून मोकळे झाले. त्या वस्तीपासून दवाखाना किती कोसांवर होता आणि तिथला डॉक्टर महाराच्या बाईच्या नाडीला हात लावीत होता काय, हे कोणी विचारले?

ज्यांना हा प्रश्न साहित्यबाह्य वाटतो त्यांनी बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ काढावे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे, १९२९ साली ‘यंग इंडिया’त छापून आलेले पत्र त्यात आहे. बायको बाळंत होऊन आजारी पडली. नवरा शिकलेला. डॉक्टर गावात, फीची तयारी. डॉक्टरची अट अशी की रोग्याला वस्तीबाहेर आणा. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोकडे. आणि त्याच वाटेने ते परत गेले. बाई दगावली. या घरात कोणते अज्ञान होते?

त्या मुलीला मी ट्युटोरियलसाठी हाच विषय दिला. तिने आईला विचारून एका हंगामाचे खाडे, दंड आणि दवाखान्याचा खर्च असा तक्ता काढला आणि त्याखाली बेबीताईंच्या पुस्तकातली बाळंतपणे मांडली. अंधश्रद्धा हा शब्द तिने कुठेही वापरला नाही. मी दहापैकी आठ गुण दिले. दोन शुद्धलेखनाचे कापले. ते कापायला नको होते.