आगबोट: चित्रातली आणि शब्दातली

जबलपूर समुद्रापासून रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर आत. तरी समुद्राच्या जुन्या चित्रकार्डांच्या वाटेवरच वसलेले. सुएझचा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ७ मार्च १८७० ला, मुंबईकडून आलेली जीआयपी रेल्वे आणि हावड्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे इथे एकमेकींना जोडल्या गेल्या. बोट मुंबईला लागली की कलकत्त्याचे विलायती टपाल याच स्टेशनातून पुढे जाई. साहेब, मडमा आणि त्यांच्या ट्रंकाही. वाटेत उतरणारे भेडाघाट पाहून जात, म्हणून 'जब्बलपोर'च्या कार्डांवर संगमरवरी कडे आणि त्यांच्या मधोमध एक होडी, हे ठरलेले. मुंबईच्या कार्डांवर अपोलो बंदर, बॅक बे, आणि पी. अँड ओ. कंपनीच्या बोटी.

या कार्डांकडे हल्ली आपण फार हळवे होऊन पाहतो. कोकणावरच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, दिवाळी अंकांत ती 'गेलेल्या काळाची आठवण' म्हणून छापली जातात. कोणाची आठवण, हे विचारले जात नाही. साहित्याच्या वाचकाने तरी ते विचारायला हवे, कारण चित्रकार्ड हाही एक मजकूरच आहे: त्याला निवेदक आहे, त्याची भाषा आहे, आणि त्याने गाळलेल्या गोष्टीही आहेत.

निवेदक कुठे उभा आहे ते आधी पाहावे. ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये उघडले आणि कार्डवाल्यांना हवा तो देखावा मिळाला. गेटवे १९२४ मध्ये पुरा झाला, त्यामुळे ताज आहे पण गेटवे नाही असे अपोलो बंदर दिसले की कार्डाचे वय ढोबळमानाने कळते. पण माझे लक्ष जाते ते कॅमेऱ्याच्या जागेकडे. ताजचे चित्र पुष्कळदा पाण्यावरून घेतलेले असते. म्हणजे पाहणारा बोटीवर आहे, तो येतो आहे किंवा निघाला आहे. किनारा त्याच्यासाठी देखावा आहे. किनाऱ्यावरची माणसे आली तर नमुन्यासारखी येतात: टोपली घेतलेली कोळीण, खाली इंग्रजीत तिची जात. मराठी अक्षर कुठेही नाही. पी. अँड ओ.ने एडन ते मुंबई धावणाऱ्या १९०८ सालच्या एका शुभ्र बोटीला 'साल्सेट' हे नाव दिले होते. ती आपली साष्टी, हे कार्डावरून ओळखू येणार नाही.

किनाऱ्यावरून दिसणारी बोट वेगळी होती. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. बहुतेक ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही, पडाव येऊन बिलगत, आणि त्या हेलकाव्यात पोरे, म्हाताऱ्या, वळकट्या, आंब्याच्या पेट्या खाली-वर होत. पावसाळ्यात दूरची बंदरे बंदच. चाकरमान्यांचे वर्षच या बोटीने आखलेले असे. या बोटींना 'तुकाराम', 'रामदास' अशी नावे होती. 'रामदास' १७ जुलै १९४७ ला रेवसकडे जाताना काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. मी आजवर पाहिलेल्या शेकडो चित्रकार्डांत या किनारी बोटींचे एकही नाही. त्यांतले उतारू चित्रकार्ड पाठवणारे नव्हते, एवढे त्याचे साधे कारण असावे.

ते साधे कार्ड पाठवत. सरकारी पोस्टकार्ड इथे १ जुलै १८७९ ला पाव आण्यात सुरू झाले, आणि मराठी घरांनी ते कसे वापरले हे सांगायला नको. वर 'श्री', मग 'सा. न. वि. वि.', मग सुईच्या टोकाएवढी अक्षरे, शेवटी समासात आडवा मजकूर. अमुक तारखेच्या बोटीने निघतो, बंदरावर गडी पाठवावा, एवढ्यासाठीही तेच. उलट ब्रिटनमध्ये १९०२ पर्यंत चित्रकार्डाच्या मागे फक्त पत्ता लिहायची मुभा होती, निरोप चित्राच्या कडेला कसाबसा कोंबायचा. त्यांच्याकडे चित्राने लेखनाची जागा खाल्ली. आपल्याकडे चित्र नव्हतेच. मराठीतला समुद्रप्रवासही पत्रातूनच आला आहे. पंडिता रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' (१८८३) मुळात सदाशिव पांडुरंग केळकरांना लिहिलेले पत्र आहे.

म्हणून या बोटीचा खरा ठसा शब्दात शोधावा लागतो. 'आगबोट'. आग आपली, बोट इंग्रजांची. हा शब्द किनाऱ्यावर उभ्या माणसाने केलेला आहे: आधी धूर दिसतो, मग बोट. गुजरातीतही तो असाच आहे. माझ्या गावची हिंदी म्हणते 'पानी का जहाज', कारण नुसते जहाज आकाशातलेही असू शकते. तो शब्द नाही, खुलासा आहे, आणि समुद्र न पाहिलेल्या माणसांना खुलासाच लागतो. हिंदीतही एके काळी 'अगिनबोट' होती. कोशात अजून आहे, बोलण्यात नाही. कोकणातल्या एका कुटुंबकथेचा हिंदी अनुवाद करताना मी ती मुद्दाम बाहेर काढली. संपादकांनी तिची 'स्टीमर' केली, आणि मुखपृष्ठावर पी. अँड ओ.ची बोट टाकली. डेकवर टोप्या घातलेले साहेब. आत पुस्तकभर माणसे पडावातून उतरत होती. अशा मुखपृष्ठाला मी सजावट म्हणू शकत नाही. तो दुसरा अनुवाद आहे, आणि चुकीचा आहे.

म्हणजे ही कार्डे फेकून द्यावीत असे नाही. ती मराठी मजकुराशेजारी ठेवून वाचावीत. ब्रायटनचे कार्ड घ्या: पाण्यात शिरलेला लांबलचक पिअर, छत्र्या, खुर्च्या, मागे सपाट समुद्र. याच ब्रायटनच्या किनाऱ्यावर १९०९ मध्ये सावरकरांनी समुद्राला उद्देशून कविता केली. अनुवादक म्हणून मला त्यातले व्याकरण महत्त्वाचे वाटते. कार्डात समुद्र मागचा पडदा आहे. कवितेत तो 'तू' आहे, त्याला विनवता येते, त्याच्यावर फसवल्याचा आरोप करता येतो. तिथल्या कार्डांवरचा पिअर कवितेत नाही. ती न पाहता ही कविता वाचणाऱ्याला, तिने काय पाहायचे नाकारले हे कळत नाही.

आणि 'मोरिया'. पी. अँड ओ.ची १९०८ ची बोट, सुमारे अकरा हजार टनांची. तिचीही कार्डे निघाली. काळी कूस, दोन काळी धुराडी, खाली फेसाची रेघ. ८ जुलै १९१० ला मार्सेयला हीच बोट उभी असताना कैदी सावरकरांनी तिच्यातून उडी घेतली, आणि तो खटला पुढे हेगच्या लवादापर्यंत गेला. कार्डावर बोटीच्या कुशीला गोल खिडक्यांच्या रांगा दिसतात, टाचणीच्या टोकाएवढ्या. भिंग घेऊन मी त्या मोजत बसते.