पारणं नसलेला उपास

खाण्याचे मानसिक आजार वेळेत ओळखता यावेत म्हणून ‘ईट-26’ नावाची 26 प्रश्नांची यादी जगभर वापरतात. डेव्हिड गार्नर आणि सहकाऱ्यांनी ती 1982 साली प्रसिद्ध केली. ‘नेहमी’ या उत्तराला 3 गुण. बेरीज 20 किंवा जास्त झाली, तर डॉक्टरांकडे जावं. यादी निदान करत नाही, फक्त इशारा देते.

नागपूरच्या घरात बसून मी ती मराठीत वाचून पाहिली. भूक लागली तरी खाणं टाळता का? श्रावणात, नवरात्रात टाळतोच: 3. खाण्यावर ताबा ठेवता का? आपल्याकडे तो गुण समजतात: 3. तुम्ही जास्त खावं असं इतरांना वाटतं का? त्यासाठी ते मागे लागतात का? ‘अजून एक पोळी घे ना बाप्पा’ हे न ऐकता इथल्या पंगतीतून कोण उठलंय? आणखी 3 आणि 3. चार प्रश्नांत 12 गुण, आणि मुलगी ठणठणीत!

मायकल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना ही यादी हिंदीतून दिली होती. काही प्रश्नांना आलेल्या होकारांमागे उपवासासारख्या चालीरीती असाव्यात, असं त्यांनी 1989 साली मांडलं.

एवढं वाचून ‘म्हणजे आपल्याकडे हा आजार नाहीच’ म्हणणं सोपं आहे. माझा आक्षेप तिथेच आहे. हाँगकाँगच्या डॉ. सिंग ली यांना असे रुग्ण भेटले, ज्यांचं वजन धोकादायक घसरलं होतं, पण लठ्ठ होण्याची भीती नव्हती. ते म्हणायचे, पोट फुगतं, भूकच नाही. वजनाची भीती मोजणारे प्रश्न कितीही चांगल्या चिनी भाषेत विचारले, तरी हे रुग्ण निसटू शकतात.

आपल्याकडे कोण निसटेल? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपास वाढवत नेणारी मुलगी. घरात तिचं कौतुक होतं. ‘वजनाची भीती वाटते का?’ या प्रश्नाला ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल.

मराठी भाषांतर पुन्हा इंग्रजीत करून मूळ मजकुराशी ताडणं ही रूढ पद्धत आहे. त्यात शब्दाची चूक सापडते. उपास देवाचा आहे की भीतीचा, हे मात्र सापडत नाही.

ते सापडायला आपल्याकडे एक शब्द आहे: पारणं. उपास सुटतो, आजार सुटत नाही. म्हणून मराठी यादीत मला हे प्रश्न हवेत: उपास सुटल्यावर पोटभर जेवता येतं का? आजारपणात घरच्यांनी ‘या वेळी नको’ म्हटलं, तर उपास सोडता येतो, की जीव घाबरा होतो? उपास कमी करायचे ठरवूनही वाढतच चाललेत का?

अशा याद्या मोबाइलवर सहज मिळतात. भरून पाहा, पण नुसत्या बेरजेवर विसंबू नका. बेरीज 8 आली आणि तरी पारण्याच्या ताटाची धास्ती वाटत असेल, तर डॉक्टरांना आकडा नका सांगू, ती धास्ती सांगा.